झेंडा चढवला, पण उतरवला का?



या पानावर एरवी आम्ही बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. भाद्रपदात ऊसनोंदी तपासायला गटागटातून फिरताना जे दिसते, त्यामुळे तो घ्यावा लागला. घराच्या गच्चीवर, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीजवळ, गोठ्याच्या पत्र्यावर १५ ऑगस्टला लावलेला तिरंगा अजून तसाच असतो. केशरी रंग उडालेला, हिरव्या पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या, एखादा ओला होऊन काठीलाच गुंडाळलेला. लावणाऱ्याच्या मनात खोट नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत १३ ते १५ तारखेपर्यंत घरोघर झेंडे लागले, पुढेही लागत आले. चढवा म्हणून सर्वांनी सांगितले. उतरवायचा कधी, ठेवायचा कसा, फाटला तर काय करायचे, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही.

आधी हक्काचे बोलू. घरावर झेंडा लावायला कोणाची परवानगी लागते का, असे अजूनही विचारले जाते. लागत नाही. पूर्वी मात्र ठराविक राष्ट्रीय दिवस सोडले तर सामान्य माणसाला आपल्या घरावर किंवा कारखान्यावर राष्ट्रध्वज लावता येत नसे. रायगड म्हटले की आपल्याला शिवरायांचा किल्ला आठवतो, पण हे रायगड छत्तीसगडमधले. तेथे नवीन जिंदल यांनी आपल्या कारखान्याच्या कार्यालयावर झेंडा लावला आणि सरकारी अधिकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी भारतीय ध्वजसंहिता लागू झाली व सर्वांना वर्षभर झेंडा लावण्याची मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मानाने राष्ट्रध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, पण त्याला कायद्याची बंधने आहेत. म्हणजे बंगल्यावरच्या झेंड्याला जो मान, तोच ऊसतोड मजुराच्या कोपीवरच्या झेंड्याला. आणि नियमही दोघांना तेच.

हा हक्क फुकटात आलेला नाही. १९२३ साली नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला इंग्रजांनी बंदी केली, तेव्हा झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. त्या झेंड्यावर चरखा होता. अशोकचक्राचा आजचा झेंडा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार हा पंधरा वर्षांचा मुलगा हातात झेंडा घेऊन मिरवणुकीत चालला होता. पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे चार सोबती गेले. आपल्याच जिल्ह्यातील पारनेरचे सेनापती बापट यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात झेंडा फडकवण्याचा मान मिळाला. उन्हापावसात चिंध्या होत असलेला झेंडा पाहिला, की आम्हाला आधी तो नंदुरबारचा पोरगा आठवतो.

आता कामाचे. झेंड्याची लांबी व रुंदी ३ : २ अशीच पाहिजे. घरासाठी ९०० बाय ६०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन बाय दोन फूट, हे माप पुरेसे होते. ४५० बाय ३०० सुद्धा चालते. कापड पूर्वी हातसुताचे, हातमागाचेच लागे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून यंत्रावरचे व पॉलिस्टरचेही चालते. आमचे मत विचाराल तर खादीचा घ्यावा. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, तेव्हा खादीसाठी राज्याबाहेर पाहायला नको. घेताना चक्राचे आरे मोजावेत. ते चोवीस भरले पाहिजेत, चक्र गडद निळे व पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध पाहिजे. बाजारात लंबगोल चक्राचे, तिरकस शिवलेले झेंडे येतात. बेणे घेताना आपण डोळा तपासून घेतो, मग झेंडा तरी न पाहता का घ्यावा?

केशरी पट्टा वर, हे पोरांनाही माहीत असते. भिंतीवर उभा लावला तर मात्र गोंधळ होतो. त्या वेळी समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे. फाटलेला, चुरगळलेला झेंडा लावू नये. जमिनीला किंवा पाण्याला तो टेकता कामा नये. त्यावर गावाचे, मंडळाचे, अगदी कारखान्याचेही नाव छापू नये. यात्रेचा किंवा पक्षाचा झेंडा त्याच काठीवर, त्याहून उंच अथवा त्याला लागून नको. खांबाच्या टोकाला हौसेने हार घालतात, तोही चालत नाही. झेंड्यात फुलांच्या पाकळ्या बांधायला मात्र हरकत नाही, तशी सवलत संहितेतच आहे. सभेत टेबलावर आच्छादन म्हणून तिरंगा टाकणे तर साफ चूक. व्यासपीठावर तो काठीवर लावायचा असेल, तर श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या वक्त्याच्या उजव्या हाताला असावा. चढवताना झपाट्याने चढवावा, उतरवताना सावकाश, मानाने.

पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ झेंडा ठेवता येई. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा रात्रीही ठेवायला परवानगी मिळाली. येथेच घोळ झाला. रात्री चालतो, म्हणजे दिवाळीपर्यंत चालतो असे लोकांनी धरले! परवानगी रात्रीची आहे, झेंडा खराब होऊ देण्याची नाही. मोकळ्या रानात वारा कसा सुटतो हे आपल्याला सांगायला नको. कापडाची मोकळी कड आधी उसवते आणि मग दोनचार दिवसांत पट्टाच जातो. म्हणून आमचा सल्ला, नियम काहीही सवलत देवो, संध्याकाळी उतरवावा. पावसात भिजला तर सावलीत पूर्ण वाळवावा. ओलाच घडी करून ट्रंकेत टाकला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात व ते निघत नाहीत.

घडी दोघांनी मिळून करावी. झेंडा आडवा धरून केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग पांढऱ्या पट्ट्याची दोन्ही टोके अशी आत घ्यायची, की वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसत राहील. ती घडी तळहातांवर धरून न्यावी. स्वच्छ कापडात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवावी. खताच्या गोणीशेजारी किंवा औषधाच्या डब्याजवळ नको.

फाटलेल्या झेंड्याचे काय, हा खरा अवघड प्रश्न. कोणी पुसणे करतो, कोणी उकिरड्यावर टाकतो, कोणी भीतीने तसाच काठीवर राहू देतो. संहिता सांगते, की तो तुकडे न करता, अखंड, खासगी रीतीने नष्ट करावा. शक्यतो जाळून, किंवा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने. पाचट जाळू नका म्हणून आम्ही वर्षभर ओरडतो, आणि येथे जाळा म्हणतो, याचे हसू येईल. पण ते असेच आहे. मात्र पेटत्या पाचटात टाकून नव्हे, आणि चौकातही नव्हे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लोकांसमोर झेंडा जाळणे, विटंबना करणे यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आपल्या अंगणात, घरच्या माणसांत, शांतपणे करावे. ज्यांना घरी जमत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक गट कार्यालयात जुने झेंडे जमा करण्याची एक पेटी ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

गावातले वजनदार माणूस गेले की झेंडा अर्ध्यावर आणायचा, हे काही ठिकाणी आपल्या मनाने केले जाते. तसे करता येत नाही. ते सरकारचा आदेश आल्यावरच. आदेश असेल तेव्हाही झेंडा आधी टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणतात. पार्थिवावर तिरंगा घालणेही फक्त शासकीय वा लष्करी, निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीत.

२६ जानेवारी ऐन गळीत हंगामात येतो. वजनकाट्यापुढे नंबरात उभ्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर, ट्रकच्या टपावर त्या दिवशी झेंडे दिसतात. वाहनावर तिरंगा पांघरायला बंदी आहे, आणि मोटारीवर काठीने लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठराविक पदांनाच आहे. चेअरमनसाहेबांच्या गाडीलाही तो नाही, मग उसाच्या गाडीचे काय घेऊन बसलात! पोरांनी हातात कागदी झेंडे घ्यावेत, त्यास मुभा आहे. प्लॅस्टिकचे नकोत, ते कुजत नाहीत, चाकाखाली येतात, चिखलात दिसत राहतात. कोप्यांवरच्या मुलांना झेंडे वाटणाऱ्या मंडळांनी संध्याकाळी तेच झेंडे परत गोळा करायला दोन माणसे आधीच नेमून ठेवावीत, आणि मुकादमांनी टोळीतल्या पोरांना सकाळीच तसे सांगून ठेवावे.