टेम्पो हलण्याआधी

कोकणात पाणी भरलं की लालबाग-परळला ते टीव्हीच्या आधी कळतं. इथल्या चाळींत रत्नागिरी-रायगडची गावंच्या गावं राहत आली आहेत. गावाच्या नावाने खोल्या आहेत, मंडळं आहेत. त्यामुळे 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा कुणाला आवाहन करावं लागलं नाही. बघता बघता आमच्या चाळीचा जिना तांदूळ, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि सतरंज्यांनी भरला. लोकल तेव्हा सर्वसामान्यांसाठी बंद होती, तरी दादर-गिरगावातून माणसं बसने सामान घेऊन आली. तीन मंडळांनी मिळून टेम्पो केला. हे एकत्र येणं फार मोलाचं होतं. मोडलं ते महाडला.

वाटेत प्रत्येकाच्या मोबाइलवर तळिये दिसत होतं. महाड तालुक्यातल्या या गावावर त्याच दिवशी दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसं गेली. काहीजण म्हणाले, तळिये इथून जवळ, आधी तिकडे वळू. काहीजण अडून बसले की देणाऱ्यांनी चिपळूणसाठी दिलंय. एकाची बहीण खेडकडच्या एका वाडीत अडकली होती, त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. मग बॅनरवर कुणाचं नाव वर, हे निघालं आणि आवाज चढले. चालकाने सांगून टाकलं, भाडं चिपळूणपर्यंतचं ठरलंय, मी आडवाटेला जाणार नाही. यातला एकही माणूस स्वार्थी नव्हता, म्हणून तर हे सांगायला हवं. भल्या माणसांत पेटलेला वाद लवकर विझत नाही, कारण प्रत्येकाला आपली बाजू माणुसकीचीच वाटते.

पेट्रोल पंपावर दुपार गेली. शेवटी महाडातून एक पिकअप भाड्याने घेतली आणि सामान निम्मं-निम्मं केलं. शेगड्या एकीकडे गेल्या, पातेली दुसरीकडे. औषधांचा खोका तळियेच्या गाडीत चढला. गाळात अनवाणी वावरणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम डॉक्सिसायक्लीन दिली होती, आणि गाळ होता चिपळुणात. तळियेच्या अलीकडेच पोलिसांनी पिकअप थांबवली. माती उपसणाऱ्या यंत्रांसाठी रस्ता मोकळा हवा होता, त्यांचं बरोबरच होतं. चिपळूणला टेम्पो पोचला तेव्हा अंधार पडला होता. उतरवून घ्यायला थांबलेली पोरं दिवसभर वाट बघून घरी गेली होती. त्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल होता. पोती रात्रभर पावसात राहिली आणि तांदूळ भिजला.

म्हणून मदत घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, की भांडणाचे मुद्दे मुंबईतच काढा. गावातल्या एकाच माणसाचा शब्द अखेरचा मानायचा, हे आधी ठरवा. तो ग्रामसेवक असेल, शिक्षक असेल, पण पाण्याच्या जागी उभा असलेला हवा. गरजेप्रमाणे मदत द्यावी, हे तत्त्व रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेतच आहे. पण गरज कुठे जास्त आहे, हे मोबाइलच्या पडद्यावरून ठरत नाही. जिथे कॅमेरा पोचतो तिथे मदतीच्या गाड्याही पोचतात. नदीपलीकडच्या वाड्या दोन्हींपासून लांब राहतात.

गाडीवर प्रमुख एकच असावा, आणि तो निघण्याआधी ठरलेला असावा. सप्टेंबर 1938 मध्ये मुंबई बंदरातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला निघालं. आपल्या परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले द्वारकानाथ कोटणीस त्यात होते. पथकाचे नेते बोटीत बसण्याआधीच नेमलेले होते: डॉ. अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. युद्ध चालू असलेल्या परक्या मुलुखात पोचून नेता निवडायला कुणाला उसंत मिळाली असती? आमच्याकडे तीन अध्यक्ष होते आणि प्रमुख कुणीच नव्हता.

वाडीतल्या बहिणीसारखी निकड असेल तर त्या माणसाला वेगळी गाडी आणि थोडा शिधा देऊन आधीच रवाना करा. त्याला मोठ्या टेम्पोत बसवून गप्प राहायला सांगणं अमानुष आहे. बॅनर लावूच नका. चालकाला पूर्ण मार्ग दाखवा, थांबण्याचे पैसेही ठरवा. परशुराम घाट बंद झाला तर काय, हेही त्याच्यासमोर बोला. एका घराला लागणारं सगळं एकाच पोत्यात बांधा: शेगडी, पातेलं, बादली, झाडू, ताडपत्री, मेणबत्त्या. मग सामान वाटून घ्यायची पाळी आलीच, तरी कुणाच्या हाती नुसतं झाकण पडणार नाही. औषधांवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि खोका प्रमुखाजवळ ठेवा. जुने कपडे घेऊ नका. किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांचे ढीग पडून राहिले होते. चिपळुणात लोक फावडी आणि घमेली मागत होते.

परतल्यावर दोन दिवसांच्या आत हिशेब चाळीच्या फळ्यावर लावा. भाडं किती, काय कुठे उतरलं, काय भिजलं, सगळं. आमचा हिशेब गणपतीपर्यंत लांबला आणि तोवर तीन मंडळांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा टेम्पो करायची वेळ आली, तेव्हा दोनच मंडळं आली.