पंपाआधी पाणी मोज

पोरी, तुझी पहिली निविदा पंपाची आहे हे ऐकून तुझ्या मामाला बरं वाटलं. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मी पहिल्यांदा चुकलो तो पंपाच्याच विनिर्देशात. एका कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून सगळे आकडे उतरवले होते, लांबी, घेर, वजनसुद्धा. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून मला तो मसुदा निष्पक्ष वाटला. मग एक लहान कारखानदार भेटायला आला. म्हणाला, "साहेब, आमचा पंप तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवतो. वजन चार किलो कमी भरतं म्हणून बाद का?" मला उत्तर देता आलं नाही. गावाला पाणी हवं होतं आणि मी वजन मागून बसलो होतो.

म्हणून आधी गावात जा. समज, वस्ती 1,200 माणसांची आहे. माणशी रोज 55 लिटर धरलं तर 66,000 लिटर झाले. वीज भरवशाने सहा तास मिळत असेल तर तासाला 11,000, म्हणजे मिनिटाला साधारण 183 लिटर. बोअर तेवढं देतो का, हे क्षमता चाचणीच्या कागदावर बघ. मग उंची. पाण्याची पातळी मे महिन्यातली धर, तीही उपसा चालू असताना खाली गेलेली. पावसाळ्यातली पातळी धरून घेतलेला पंप उन्हाळ्यात टाकी भरत नाही, आणि बायका हंडे घेऊन ताटकळतात. पातळी 60 मीटर खोल, टाकीचं तोंड 15 मीटर उंच, पाइपातलं घर्षण 5 मीटर, मिळून 80, हाच हेड. 'मिनिटाला किमान 183 लिटर, 80 मीटर हेडला' ही तुझी मुख्य मागणी. बोअरचा व्यास, संध्याकाळी प्रत्यक्ष मिळणारा व्होल्टेज, पाण्यासोबत वाळू येते का, हे त्याला जोड. हॉर्सपॉवर उत्पादकाला ठरवू दे. कार्यक्षमता मात्र किमान किती ते लिही, कारण विजेचं बिल ग्रामपंचायत पुढे वर्षानुवर्षं भरणार आहे.

मग मानक लिही: बोअरच्या सबमर्सिबल पंपसंचाला आयएस 8034, उघड्या विहिरीतल्याला आयएस 14220. क्रमांकापुढे 'अद्ययावत दुरुस्त्यांसह' असं लिही आणि मानकातला मजकूर आपल्या शब्दांत परत लिहीत बसू नकोस. दोन्हींत फरक पडला की वाद तिथूनच सुरू होतो.

मसुदा झाला की प्रत्येक अटीपुढे पेन्सिलने लिही: ही अट का, आणि तपासणार कशी? 'उत्तम दर्जाचा', 'नामांकित कंपनीचा' हे शब्द तिथे टिकत नाहीत. ते तपासणाऱ्याच्या मर्जीवर चालतात, म्हणून खोडून टाक. 'तालुक्यात सर्व्हिस सेंटर हवं' या अटीने बाहेरचा चांगला पुरवठादार उगाच गळतो. त्याऐवजी 'तक्रारीनंतर 48 तासांत पंप चालू, नाहीतर दंड' असं लिही. उलाढाल आणि अनुभवाच्या अटीही कामाच्या आकाराला शोभतील एवढ्याच ठेव. पक्षपात बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतो.

केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 144 एकदा सावकाश वाच. गरजेबाहेरची वैशिष्ट्यं घालून खर्च वाढवू नये, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्या राज्याची 1 डिसेंबर 2016 ची खरेदीची नियमपुस्तिका तर टेबलावरच असू दे.

कुणीतरी येईल, "मॅडम, स्पेसिफिकेशन तयारच आणलंय, तुमचा वेळ वाचेल" म्हणून पेनड्राइव्ह पुढे करेल. घेऊ नकोस, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. शंका निविदापूर्व बैठकीत लेखी घे. उत्तर सगळ्यांना एकाच वेळी, शुद्धिपत्रकातून दे. बदल मोठा असेल तर मुदतही वाढव, नाहीतर आधीपासून कुणकुण लागलेल्यालाच तेवढा वेळ पुरतो.

उद्या गावात पोचलीस की पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठ. जुन्या पंपावर मागच्या मेमध्ये टाकी किती वाजता भरायची, ते त्याला आधी विचार.