सत्रनोंदींसाठी सामायिक स्मृतिकोश

पीएचपीवर चालणाऱ्या संकेतस्थळावर नागरिकाच्या सत्राची नोंद मुळात सर्व्हरच्या डिस्कवरील फाइलीत होते. सर्व्हर दोन झाले की एकाने ओळखलेला अर्जदार दुसऱ्यास अपरिचित ठरतो व अर्धा भरलेला अर्ज वाया जातो. अशा वेळी २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी निर्माण केलेला 'मेमकॅश्ड' उपयोगी पडतो. त्याचा पीएचपी-विस्तार बसवून 'सेशन.सेव्ह_हँडलर'पुढे 'मेमकॅश्ड' आणि 'सेशन.सेव्ह_पाथ'पुढे त्या यंत्राचा पत्ता व ११२११ हा पोर्ट लिहावा. मात्र हा कोश म्हणजे दप्तरखाना नव्हे! यंत्र बंद पडताच नोंदी पुसल्या जातात. जागा भरली (मूळ मर्यादा अवघी ६४ मेगाबाइट) की जुन्या नोंदी गळतात. म्हणून अर्जातील मजकूर टप्प्याटप्प्याने डेटाबेसमध्येच साठवावा. तसेच हा पोर्ट बाहेरील जगास खुला ठेवू नये. २०१८ साली अशाच उघड्या यंत्रांकरवी गिटहबवर हल्ला झाला होता.