संगणकात पाऊस पाडताना

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचा खरा हंगाम पावसाळ्यातला. वारा येतो तो पाऊस घेऊनच. म्हणून एम.टेक.ला मी विषय घेतला: भिजलेल्या पात्याची कामगिरी किती घसरते, ते संगणकावर मांडायचं. दोन वर्षांत हाती लागलं ते असं.

१. आधी कोरडं जमवा. पहिल्याच आठवड्यात मी थेंब सोडले, लिफ्ट (पातं फिरवणारा हवेचा जोर) घसरली, मी खूश. सर म्हणाले, "कोरड्या पात्याचा आकडा तरी प्रयोगाशी जुळतोय का?" जुळत नव्हता. एस८०९ या पात्याच्या छेदाची विंड टनेलमधली मोजमापं सगळ्यांना खुली आहेत. ती जुळवण्यात तीन महिने बिनपावसाचे गेले.

२. पाण्याचं वजन डोक्यातून काढा. घरी सगळ्यांचं ठाम मत, की पाणी जड म्हणून पातं मंदावतं. ताशी २५ मिलिमीटर पावसात एक घनमीटर हवेत पाणी असतं जेमतेम सव्वा ग्रॅम, आणि ती हवाच किलोभराची! खोडी होते ती पृष्ठभागावर. थेंब फुटून तुषार उडतात, पाण्याचा पातळ थर ओघळतो, त्यावर लाटा उठतात. गुळगुळीत पातं खरखरीत असल्यासारखं वागू लागतं. ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, लिफ्ट घटते.

३. थेंब पात्यावर पडत नाही, पातंच त्याला जाऊन धडकतं. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरने खाली येतो. मोठ्या चक्कीच्या पात्याचं टोक ८० मीटरने फिरतं, म्हणजे ताशी जवळपास २९० किलोमीटर. पाऊस किती तिरपा येतो, यावर मी घालवलेले पंधरा दिवस टोकापुरते तरी वायाच.

४. भिंतीची सेटिंग बघा. हे सगळ्यांत महागात पडलेलं. थेंबांच्या आकारांची वाटणी मार्शल आणि पामर यांच्या १९४८ च्या सूत्रावरून नीट घेतली. ताशी २५ मिलिमीटरला ते घनमीटरमागे साडेतीन-चार हजार थेंब सांगतं. तेवढे मोजणं अशक्य, म्हणून अनेक थेंबांची मोट बांधून एकेक मोट सोडली. रन आठवडाभर चालला, सुरेख कन्व्हर्ज झाला (उत्तर स्थिरावलं), आणि कोरड्या पात्याशी फरक जवळपास शून्य. पात्याचा पृष्ठभाग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत भिंत, मी 'ट्रॅप'वर ठेवला होता: थेंब लागला की हिशेबातून बाद. एवढ्या पावसात माझं पातं ठणठणीत कोरडं! थराचं वेगळं मॉडेल जोडल्यावर कुठे ते भिजलं.

५. पठारावर जाऊन या, आणि शक्यतो प्रबंध बांधायला टाकण्याआधी. मी ऑगस्टमध्ये गेले. धुक्यात पाती दिसतच नव्हती, नुसता सपसप आवाज. देखभालीवरच्या काकांना माझा विषय सांगितला, तर ते हसलेच. "आवं ताई, पाऊस पातं धुतोय की! मे म्हैन्यात येऊन बघा, म्होरच्या कडंला निस्तं किडं आन् धूळ."

म्हणजे मी ज्याच्याशी तुलना करत होते, ते स्वच्छ कोरडं पातं उन्हाळाअखेर तिथे नसतंच. पाऊस थोडं नेतो, थोडं परतही देतो. माझ्या प्रबंधात त्या धुळीवर एकही ओळ नाही.