गाडी थंड असतानाच ऐका

टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतलेल्या किंवा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते. इंजिनाचं खरं दुखणं रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत ऐकू येतं, नंतर नाही. गाडी सर्व्हिस सेंटरला पोहोचते तोवर ते सेकंद कधीच उलटून गेलेले असतात. एवढ्याच आधारावर माझी एक्स्टेंडेड वॉरंटी संपेपर्यंत मला झुलवत ठेवलं. पुण्यात भर दिवसा, एसीच्या केबिनमध्ये बसवून, चहा पाजून.

गाडीचं नाव मी मुद्दाम देत नाही. नाव दिलं की 'त्या कंपनीच्या गाड्या तशाच' म्हणून लोक मोकळे होतात. माझ्या गाडीचं दुखणं टायमिंग चेनचं होतं, आणि ते एका कंपनीपुरतं नाही. अमेरिकेत चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरवरून फोक्सवॅगनवर सामूहिक दावा झाला आणि तो २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. बीएमडब्ल्यू आणि प्यूजो-सिट्रोएन यांनी मिळून केलेलं १.६ लिटरचं टर्बो इंजिन मिनी कूपर एसमध्ये आलं, तेव्हा त्याच्या सकाळच्या खडखडाटाला मालकांनी 'डेथ रॅटल' असं नावच पाडलं. माझी गाडी या दोन्हींपैकी नाही. पण लहान इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो आणि 'ही चेन आहे, बेल्टसारखी बदलायला लागत नाही' हे आश्वासन, असा सगळा मामला तोच.

तर माझ्या गाडीला सकाळी पहिल्या स्टार्टला आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट, दोन सेकंद, मग सगळं गुळगुळीत. दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, आवाज नाही. खंबाटकीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये मजेत चढते, पिकअप तसाच, डॅशबोर्डवर एक दिवा नाही. त्यामुळे सर्व्हिस ॲडव्हायझर पहिल्या भेटीपासून माझ्याशी समजूत काढायच्या सुरात बोलला. "मॅडम, टर्बोला आवाज असतोच." पुढच्या वेळी कारण पेट्रोल. मग फिल्टर, जो त्यांनीच बसवला होता. मग "तुम्ही गाडी कमी चालवता." एकदा तर म्हणाला, "मिस्टरांना पाठवा ना, त्यांना टेक्निकल समजावून सांगतो." गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या खात्यातून, आणि टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो हे त्याला मीच सांगत होते.

शेवटी ते म्हणाले, गाडी रात्रभर ठेवा, सकाळी थंड असताना ऐकतो. मी ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडायच्या आधीच गेटवर जाऊन उभी राहिले. माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगा आला, रांगेतल्या गाड्या काढायच्या म्हणून त्याने माझी गाडी चालू केली, मागे घेतली, पुन्हा पुढे लावली. खडखडाट झाला, मी गेटवरून ऐकला. तासाभराने ॲडव्हायझर आला, चावी फिरवली, कान देऊन उभा राहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बघा, काहीच नाही." मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. मी म्हटलं, ही गाडी आत्ताच चालू झाली होती, त्या मुलाला विचारा. त्याने मुलाला हाक मारली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ जॉबकार्ड पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं: तक्रार, इंजिन नॉइज. निरीक्षण, नॉर्मल. 'थंड इंजिनाला स्टार्टच्या वेळी खडखडाट' असं लिहा म्हटलं, तर "सिस्टिममध्ये एवढंच येतं."

त्या क्षणी मला कळलं की यांना आवाज ऐकू येत नाही असं नाही, यांना तो ऐकायचाच नाही. चेन किट बदलायचं म्हणजे इंजिनाची पुढची बाजू उघडायची, दोन दिवस वर्कशॉपचा एक बे अडकणार आणि वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनीकडून कधी आणि किती मिळतील ते मिळतील. माझी वॉरंटी तीन महिन्यांत संपत होती. त्यांनी फक्त वाट पाहायची होती आणि ती त्यांनी पाहिली.

वॉरंटी संपल्यावर मी भोसरीतल्या एका मेस्त्रींकडे गेले. त्यांनीही गाडी रात्रभर ठेवून घेतली, पण बॅटरीची वायर काढून ठेवली, म्हणजे कुणी चुकूनही चालू करणार नाही. सकाळी मला समोर उभं केलं, वायर जोडली, स्टार्टर मारला. खडखडाट झाला आणि त्यांनी लगेच चावी बंद केली. "ताई, आता ही चालू करायची नाही." टायमिंग कव्हरवर एक छोटं रबरी बूच असतं. ते काढून त्यांनी टॉर्च धरला आणि मला वाकून बघायला लावलं. टेन्शनरचा दांडा जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आला होता. चेन ताणून धरायला आता त्याच्याकडे जागाच उरली नव्हती. पुढे कव्हर आणि तेलाचा चेंबर उतरवला, तेव्हा चेन ज्यावर घसरते त्या प्लास्टिकच्या गाइडचा तुकडा चेंबरमध्ये सापडला. बोटाच्या पेराएवढा, काळा, एका कडेला चेनच्या कड्यांचे चरे पडलेला. तेल ओढणाऱ्या जाळीत बारीक भुगा अडकलेला होता. त्यांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, अजून थोडी चालली असती तर चेन एक दात सरकली असती, पिस्टन व्हॉल्व्हला लागले असते आणि हेड उतरवावं लागलं असतं. 'नॉर्मल' लिहिलेलं जॉबकार्ड माझ्या पर्समध्येच होतं.

इथून पुढे जे लिहिते ते माझ्या पैशांनी शिकलेलं आहे.

सकाळचा आवाज स्वतःच्या पार्किंगमध्ये फोनवर रेकॉर्ड करा, बॉनेट उघडून, व्हिडिओत ओडोमीटर आणि वेळ दिसेल असा. तो सर्व्हिस सेंटरला ईमेलने पाठवा, नुसता दाखवू नका. माझ्या कामी जॉबकार्ड आलं नाही, तारखांसकट पाठवलेले ईमेल आले. गाडी रात्रभर ठेवायची असेल तर तुमच्यासमोरच पहिला स्टार्ट होईल हे आधी लेखी मान्य करून घ्या. नाही म्हणाले तर ते नाहीही लेखी मागा. स्कॅनरवर कॅम आणि क्रँक यांच्या कोनातला फरक अंशांत दिसतो, तो आकडा मागा. 'एरर कोड नाही' हे उत्तर पुरेसं नाही, कारण कोड यायच्या खूप आधी चेन सैल झालेली असते.

चेनच्या टेन्शनरला तेल लागतं आणि ही इंजिनं तेल खातात. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल जाणं चालतं असं छापलेलं आहे. चेंबरमध्ये चार-साडेचार लिटर तेल मावतं. पंधरा हजारांच्या सर्व्हिसपर्यंत डिपस्टिक न पाहता चालवलं तर काय उरेल याचा हिशेब तुम्हीच करा. दर दोन-तीन टाक्यांमागे, गाडी सपाट जागी उभी करून, तेल पाहा. पंधरा हजार किंवा एक वर्ष हा कंपनीचा हिशेब हायवेवरच्या गाडीसाठी ठीक असेल. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या टर्बो गाडीचं तेल मी साडेसात हजारांना बदलते, आणि त्यात वाद घालायला कुणी आलं तर मी तो तुकडा दाखवते. तेल घेताना डब्याच्या मागे पुस्तिकेतली मान्यता आहे का ते बघाच, शिवाय 'एपीआय एसपी' लिहिलेलं शोधा. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे. फिल्टर चांगलाच घ्या. त्याच्या आतला व्हॉल्व्ह रात्री तेल खाली उतरू देत नाही, तो हलका असला तर सकाळी दाब तयार व्हायला वेळ लागतो. म्हणजे ॲडव्हायझरने फिल्टरचं नाव काढलं ते अगदीच उगाच नव्हतं, पण मग फिल्टर बदलायला हवा होता. तोही त्यांनी बदलला नाही.

मॅन्युअल गाडी उतारावर नुसती गिअरमध्ये टाकून लावू नका. गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरायला बघतं. बंद इंजिनात तेलाचा दाब नसतो आणि काही इंजिनांत टेन्शनर तेवढ्यात मागे जाऊन चेन दात सोडते. आधी हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडीचा भार त्यावर बसू द्या, मग गिअर टाका. ही गोष्ट मला कुठल्याही सर्व्हिस सेंटरने सांगितली नाही.

घाटात पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमला पाय पूर्ण दाबू नका. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तेव्हा स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि त्याचा एकेक फटका पिस्टनला तडा देऊ शकतो. गिअर खाली घ्या, इंजिनाला फिरू द्या.

कार्बनचं दुखणं वेगळं आहे, पण लोक त्याची चेनशी गल्लत करतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ तिथे बसते आणि भाजून काळा थर होतो. सकाळी गाडी थरथरते, कधी मिसफायर देते, नंतर सुधारते. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या महागड्या बाटल्या इथे उपयोगाच्या नाहीत, कारण ते पेट्रोल त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाची भुकटी हवेच्या दाबाने मारून थर काढतात, तो खरा उपाय. बाटली मलाही प्रत्येक सर्व्हिसच्या बिलात लावली होती. विचारून नाही.

बाकी किरकोळ: कॉइल आणि प्लग वेळेवर बदला, कूलंट कमी होत असेल तर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर तपासा, एक्सप्रेसवेवर दामटून आलात तर शेवटचे दोन किलोमीटर हळू चालवा म्हणजे टर्बो निवतो. हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि खरंच आहे.

जुनी घेणाऱ्यांसाठी मात्र थोडं सविस्तर. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर कारण काहीही सांगोत, चहा घ्या आणि परत या. पुन्हा जायचंच असेल तर न सांगता सकाळी लवकर जा. रेमॅप केलेली गाडी परत मूळ सॉफ्टवेअरवर आणून विकतात, म्हणून फक्त मालकाच्या शब्दावर जाऊ नका. सर्व्हिसच्या नोंदींत तेल कोणत्या किलोमीटरला बदललं ते बघा. एखाद्या वर्षाची पोकळी दिसली तर ती किमतीत धरू नका, गाडीच सोडा.

आणि भांडायची वेळ आली तर भांडा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या. उघडलेले भाग मेस्त्रींकडून मागून घ्या, फोटो काढा, पाकिटात बंद करून तारीख टाका. मी सर्व्हिस सेंटरला पाठवलेल्या नोटिशीसोबत गाइडच्या तुकड्याचा फोटो, सगळे ईमेल आणि ते 'नॉर्मल'चं जॉबकार्ड जोडलं. आठवडाभरात फोन आला, या वेळी ॲडव्हायझरचा नाही, वर्कशॉप मॅनेजरचा. चेन किटचे पैसे दिले. मजुरीचे दिले नाहीत. पत्रात लिहिलं, 'ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन, कोणतीही चूक मान्य न करता.' गेटवरच्या त्या सकाळबद्दल एक ओळ नाही. मजुरीसाठी मी आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे आणि त्या दिवशीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीचं चित्रण मागितलं आहे. ते जपून ठेवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. पण चित्रण जपून ठेवा असा माझा ईमेल त्यांना त्याच दिवशी दुपारी गेला होता, आणि तोही मी तक्रारीला जोडला आहे.