उजनीची बोट, पंखा आणि गिअर

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकाची उजनीच्या पाण्यात बोट आहे. ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, गिअर २:१, पंखा १९ इंच पिचचा. इंजिनाची मर्यादा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे. पूर्ण थ्रॉटलला मात्र ते ४,८०० वर अडतं. गिअर बदलावा का?

उत्तर : गिअरला हात लावू नये, आधी पंखा बदलावा.

यंत्रमागावर मोटरची पुली बदलली की मागाची गती बदलते, हे एमआयडीसीत कुणाला सांगायला नको. बोटीत ते काम पिच करतं. पिच म्हणजे घसरण न होता पंखा एका फेऱ्यात जितकं पुढे सरकेल ते अंतर. एक इंच कमी केलं की इंजिनाचे साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. १७ इंची पंख्यावर ५,२०० फेरे मिळाले, तर गिअरमुळे पंखा २,६०० वेळा फिरेल. म्हणजे घसरण न धरता वेग तासाला ६७ किलोमीटर. पाण्यातली घसरण १५ टक्के धरली तर प्रत्यक्षात ५७.

उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर. तिथल्या विरळ हवेत, त्यात सोलापूरच्या उन्हाळ्यात, इंजिनाची ताकद घटते. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर चाललेला पंखा इथे जड पडू शकतो.

जास्त रिडक्शनचा गिअर मोठा पंखा सावकाश फिरवतो, तो जड बोटींना मानवतो. हलक्या, वेगवान बोटींना कमी रिडक्शन. पण आउटबोर्डमध्ये त्यासाठी बहुधा खालचं अख्खं गिअरकेसच बदलावं लागतं.

चाचणी नेहमीच्या माणसांसह, नेहमीइतकं इंधन भरून घ्यावी. फेरे ५,२०० च्या खालीच राहिले, तर १५ इंची पंखा लावून पाहावा.