एका आंकड्याचे दोन धनी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. चेहरा चिंतातुर दिसत होता. त्यांच्या चिरंजिवानें साठविलेल्या पैशांतून घरच्या संगणकासाठीं पट्टीसारखें दिसणारें नवें साठवण-कार्ड आणून तें आपल्या हातांनीं बसविलें होतें. नवें कार्ड चालूं लागलें खरें. पण त्याच घटकेपासून जुनी डिस्क यंत्रास दिसेनाशी झाली. त्या डिस्कवर मुलाच्या परलोकवासी आजीचीं सारीं छायाचित्रें होतीं. दुकानदारानें डिस्क मेली असें सांगून टाकलें होतें, आणि घरांत मुलाशीं कोणी धड बोलत नव्हतें. "सर, तुम्ही एकदां पाहाल का?" एवढेंच ते म्हणाले.

नवें कार्ड बसवितांच दुसरेंच कांहीं बंद पडावें, हा रोग फार जुना आहे. त्याचें मूळ कळल्यावांचून उपाय कळत नाहीं. म्हणून प्रथम थोडी मागची हकीकत सांगतों.

१९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस काढला. त्याच्या मुख्य फळीवर, म्हणजे मदरबोर्डवर, कांहीं खांचा मोकळ्या ठेवल्या होत्या. ज्यास जें हवें त्यानें तें कार्ड आणून तेथें बसवावें. आतां प्रोसेसर आपल्या कामांत गढलेला असतो. कार्डाजवळ कांहीं माहिती आली तर त्यास हांक मारणार कशी? आमच्या शाळेच्या बोर्डिंगांतील प्रत्येक खोलीपासून सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या टेबलापर्यंत घंटेची एकेक दोरी नेली आहे, अशी कल्पना करा. दोरी ओढली कीं साहेब हातांतलें काम ठेवून त्या खोलीकडे जातात. संगणकांतील या हांकेस इंटरप्ट म्हणतात व दोरीच्या क्रमांकास आय.आर.क्यू. म्हणतात. पहिल्या यंत्रांत अशा दोऱ्या आठच होत्या. १९८४ च्या ए.टी. यंत्रांत त्या सोळा झाल्या. पण दुसऱ्या आठांची जुडी पहिलीस बांधण्यांत एक खर्ची पडून पंधराच उरल्या. त्यांतही शून्य क्रमांकाची घड्याळाच्या ठोक्यास, एकची कळफलकास, सहाची फ्लॉपीस, चौदाची हार्ड डिस्कला, अशा बहुतेक आधींच वाटून गेलेल्या. उरलेल्या चारदोन दोऱ्यांवर सगळ्या नव्या पाहुण्यांचा डोळा!

दोरीखेरीज प्रत्येक कार्डास एक पत्ताही लागतो. प्रोसेसरानें पाठविलेला निरोप ज्या क्रमांकावर पोहोंचावयाचा तो हा पत्ता. साउंड ब्लास्टर नांवाचें ध्वनीचें कार्ड बहुधा २२० या पत्त्यावर राहात असे, तर जाळ्याचीं पुष्कळ कार्डें ३०० वर. (हे आंकडे दहाच्या नव्हे, सोळाच्या गणनेंतले आहेत.) एकाच गल्लींत दोन घरांस एकच क्रमांक दिला तर टपालवाल्याची जी गत होईल, तीच दोन कार्डांचा पत्ता एक झाल्यास यंत्राची होते.

कार्डाचा क्रमांक ठरवावयाचा तो कार्डावरील बारीक टोप्या, म्हणजे जंपर, काढून-घालून. दोन कार्डांस एकच दोरी लाभली तर जुन्या बांधणीच्या खांचांत तिची वांटणी होत नसे. दोरीचा नुसता झटका तेवढा मोजला जाई. एकानें दोरी ताणून धरलेली असतां दुसऱ्याचा झटका जाणवेच ना, आणि त्याची हांक वाया जाई. त्या काळीं टेलिफोनवरून इंटरनेटशीं जोडणारें मोडेम तिसऱ्या सीरियल पोर्टावर आणि माउस पहिल्यावर असला, कीं फोन लागतांच माउस जागच्या जागीं थिजे. कारण त्या दोहोंची दोरी एकच, चार नंबरची. महाविद्यालयांत असतांना हा चमत्कार आम्हीं स्वतः पाहिला आहे, आणि मोडेम विकत आणणाऱ्या मित्रास पंधरा दिवस यंत्रास हात लावूं दिला नव्हता, हेंही कबूल केलें पाहिजे. मोडेमाचा जंपर सरकवून त्यास दुसऱ्या पोर्टावर नेलें असतें तर काम पांच मिनिटांचें होतें.

१९९५ सालीं आलेल्या विंडोज ९५ नें ही वांटणी ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोंपविली. कार्डानें आपली गरज सांगावी, सिस्टिमनें मोकळा क्रमांक पाहून द्यावा, या व्यवस्थेस प्लग अँड प्ले असें नांव पडलें. व्यवस्था चांगली, पण सिस्टिम ही शेवटीं नोंदवही राखणारा कारकून आहे. जंपरवालीं जुनीं कार्डें आपला क्रमांक त्यास सांगतच नसत; मग कारकून तोच क्रमांक मोकळा समजून दुसऱ्यास देऊन बसे. पुढें पी.सी.आय. खांचांत एकाच दोरीचे अनेक धनी सुखानें नांदूं लागले, कारण तेथें कार्डाची विचारपूस होईपर्यंत दोरी ओढलेलीच राहते व सिस्टिम एकामागून एक सर्वांस विचारते. आजचीं पी.सी.आय. एक्सप्रेस कार्डें तर बहुधा दोरी न ओढतां स्मृतीच्या ठराविक पत्त्यावर चिठ्ठीच टाकतात. दोऱ्यांची टंचाई अशी मिटली.

पत्त्यांची मात्र मिटली नाहीं. बत्तीस बिटांत लिहितां येणारे पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार गिगाबाइटांपुरतेच. मेमरी आणि कार्डें या दोघांनीं त्यांतच राहावयाचें. म्हणून चार गिगाबाइट मेमरी असूनही बत्तीस बिटी विंडोज बहुधा तीन-साडेतीनच दाखवी, आणि लोक मेमरी विकणाऱ्यास लबाड ठरवीत. आज मोठें चित्र-कार्ड बसविल्यावर डिव्हाइस मॅनेजरांत पिवळें चिन्ह व कोड १२ दिसला, तर अर्थ इतकाच कीं कार्डास पुरेशी जागा मिळाली नाहीं. कार्ड परत करावयास धांवूं नये. मदरबोर्डाच्या बायोसमध्यें अबव्ह फोर-जी डिकोडिंग नांवाची सोय असल्यास ती चालू करावी. चौसष्ट बिटी सिस्टिमला चार गिगाबाइटांपलीकडचे पत्ते वापरतां येतात.

शोध करावयाचा तो क्रमानें. आधीं यंत्र बंद करून वीज तोडावी, आणि धातूच्या पेटीस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी. नवें कार्ड काढून पूर्वीचें सर्व ठीक चालतें कीं नाहीं पाहावें. ही एक पायरी गाळल्यामुळें लोक आठ-आठ दिवस भलत्याच जागीं शोधीत बसतात. मग एकावेळीं एकच कार्ड बसवावें, आणि दर वेळीं कारकुनाची वही वाचावी. विंडोजमध्यें डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू यादींत साधनांच्या प्रकाराप्रमाणें वांटणी पाहतां येते. लिनक्समध्यें प्रॉक या कप्प्यांतील इंटरप्ट्स आणि आयओमेम या नोंदी उघडाव्या. हट्टी कार्ड आधीं, लवचीक मागाहून. आणि बायोसलाच जी वस्तु दिसत नाहीं, ती सिस्टिमच्या वहींत शोधण्यांत अर्थ नाहीं.

त्या गृहस्थांच्या घरीं आम्ही गेलों तेव्हां हेंच केलें. पट्टी काढली, डिस्क दिसली. पट्टी बसविली, डिस्क गेली, आणि तीही थेट बायोसमधूनच. म्हणजे डिस्क जिवंत होती व विंडोज निर्दोष होतें. मुलानें मदरबोर्डाची पुस्तिका जपून ठेवली होती, ही मोठी गोष्ट. तिच्या एका पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत टीप होती: या खांचेंत कार्ड बसविल्यास डिस्कच्या सहा जोडण्यांपैकीं पांचवी व सहावी बंद होते. दोघांचा रस्ता एकच होता, आणि मदरबोर्डानें तो नव्या पाहुण्यास देऊन टाकला होता. जुन्या डिस्कची तार नेमकी पांचवींत होती. आम्हीं ती मुलाकडून दुसऱ्या जोडणींत लावविली.

यंत्र सुरू होतांच डिस्क आली. वडिलांनीं पहिलेंच छायाचित्र उघडलें. आजी अंगणांत खुर्चीवर बसून तांदूळ निवडीत होत्या. थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग स्क्रू मुलाच्या हातांत देत ते म्हणाले, "झांकण तूंच लाव, बाळ."